हॉलमधला बेडूक

चालेलरावांच्या हॉलमधल्या त्या खुर्चीत आजवर कोण बसलं नव्हतं? विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस बसला होता, बायकोच्या मैत्रिणी आळीपाळीने बसल्या होत्या, शेजारचं मांजर तर तिच्यातच व्यालं होतं. माणसाने नुसतं टेकायचा अवकाश, दोन मिनिटांत त्याची मान आपोआप मागे जाई आणि तोंड उघडे. मग तो भानावर येऊन तोंड मिटे आणि ओशाळून "चहा छान झाला होता हं" असं काहीतरी म्हणे. चहा अजून यायचा असला तरी.

बसले नव्हते ते फक्त घरमालक. चालेलराव त्या खुर्चीच्या कडेने जाताना भिंतीला पाठ लावून जात, झोपलेल्या कुत्र्याजवळून जावं तसे.

कारण खुर्ची दातांच्या डॉक्टरची होती. हिरवं रेक्झिन, पायाशी पेडल, डोक्यावर वाकलेला दिवा, आणि डाव्या अंगाला चूळ भरायचं पांढरं भांडं, ज्यात बायकोने निरुपायाने मनीप्लांट लावला होता. पेडल दाबलं की बसलेला माणूस वर जाई. दांडा ओढला की आडवा होई. चालेलरावांच्या काकांनी आपला दवाखाना बंद केला तेव्हा ते म्हणाले होते, "बाळ्या, खुर्ची दोन-चार दिवस तुझ्याकडे ठेवतो." आणि चालेलराव म्हणाले होते, "चालेल." या गोष्टीला तीन वर्षं होत आली होती.

चालेलराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते ऑफिसात पडलं होतं, आणि का पडलं हे सांगायची गरज नाही. विमा कंपनीत लोकांचे दावे नामंजूर झाल्याचं कळवणं हे त्यांचं काम. पण त्यांची नकाराची पत्रं इतकी मऊ असत, की एका गृहस्थाने त्यांना आभाराचं पत्र पाठवलं होतं आणि "पैसे केव्हा मिळतील तेवढं कळवा" अशी तळटीप जोडली होती. भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात. चालेलरावांकडे ती बहीण कायमची मुक्कामाला होती.

तर या खुर्चीचं करायचं काय, हा प्रश्न एका रविवारी अचानक पेटला. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि शनिवारी त्यांना घरी सोडणार होते. घर एका बेडरूमचं. सासूबाईंचा पलंग लागणार हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये पलंग मावेल अशी एकच भिंत होती. त्या भिंतीला खुर्ची होती.

"अहो, नीट ऐका," बायको म्हणाली. ती हे स्वयंपाकघरातून ओरडून म्हणाली असती तर चालेलरावांना भीती वाटली नसती. ती समोर येऊन, हात पुसून, हळू आवाजात म्हणाली. "शनिवारी आई येणार. हॉलमध्ये एक तर खुर्ची राहील, नाही तर पलंग. त्या दिवशी मला खुर्ची दिसली, तर मी आईला घेऊन दादाकडे जाईन. तुम्ही खुर्चीबरोबर संसार करा."

"चालेल," असं चालेलराव सवयीने म्हणून गेले. पुढची संध्याकाळ त्या एका शब्दाचा खुलासा करण्यात गेली.

वास्तविक काम एका फोनचं होतं. 'काका, खुर्ची घेऊन जा.' चार शब्द. पण काकांना फोन लावला, की काका 'हॅलो'च्या जागी "दाढ काय म्हणते?" असं विचारत. आणि चालेलरावांची दाढ बरंच काही म्हणत होती. डावीकडची खालची. ते गेलं वर्षभर उजव्या बाजूने जेवत होते, आणि थंड पाणी पिताना मान उजवीकडे कलती करत. बघणाऱ्याला वाटे, गृहस्थ फार विचार करून पाणी पितात. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. दातांच्या खुर्चीची धास्ती बाळगणाऱ्या माणसाच्या हॉलमध्येच ती खुर्ची असावी, याला दैवाचा विनोद म्हणायचं की काकांचा, हे त्यांना ठरवता आलं नव्हतं.

सोमवारी ऑफिसात प्रशिक्षण होतं. साहेबांनी सगळ्यांना वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये कोंबलं होतं आणि समोर कोट घातलेला एक उत्साही तरुण उभा होता. प्रशिक्षणाला येणारे तरुण नेहमी असे दिसतात, की त्यांना कोणीतरी नुकतंच चार्जिंगवरून काढलंय.

"इंग्रजीत एक म्हण आहे," तो गरजला. "सकाळी उठल्या उठल्या आधी बेडूक खा!"

लोकांनी हातातल्या बिस्किटांकडे संशयाने पाहिलं.

"म्हणजे काय? तर दिवसातलं सगळ्यात नकोसं काम सगळ्यात आधी उरका! सकाळीच बेडूक खाल्लात, की दिवसभरात त्याहून वाईट काही होऊच शकत नाही!"

"शाकाहारी लोकांनी काय करायचं?" कॅशियरबाईंनी विचारलं.

"मॅडम, बेडूक ही एक कल्पना आहे."

"मग कल्पनेत तरी मी का खाऊ?"

"बरं, तुम्ही कारलं समजा."

"मला कारलं आवडतं."

तरुणाने कपाळ पुसलं. "ज्यांना जे आवडत नाही, त्यांनी ते समजावं." यावर बऱ्याच लोकांनी साहेबांकडे पाहिलं. आपण लक्ष देतोय हे दाखवायला साहेबांनी लगेच विचारलं, "आणि समजा दोन बेडूक असले तर?"

"उत्तम प्रश्न! तर आधी मोठा बेडूक. जास्त कुरूप असेल तो!"

चालेलरावांनी डोळे मिटले. त्यांना बेडूक स्पष्ट दिसला. हिरव्या रेक्झिनचा होता, डोक्यावर दिवा होता, आणि तो मागे रेलून बसला होता.

आपल्याकडे अशा म्हणी नाहीत असं नाही. पण आपल्या म्हणी काम टाळणाऱ्याला दरडावत नाहीत; फार तर त्याच्याकडे बघून सुस्कारा टाकतात. इंग्रजी म्हणीत मात्र कायदा होता, आणि चालेलराव कायद्याला घाबरत. त्यांनी ठरवलं, उद्या सकाळी बेडूक खायचा, आणि घरी येऊन बायकोलाही ती म्हण समजावून सांगितली.

मंगळवारी सकाळी ते उठले, फोन हातात घेतला, आणि त्यांच्या मनात एक अत्यंत समंजस विचार आला. पैलवानसुद्धा आधी जोर-बैठका काढतो. नवशिक्याने एकदम मोठ्या बेडकाला हात घालणं शास्त्रशुद्ध नाही. आधी एखादं छोटं, गरीब स्वभावाचं पिल्लू घ्यावं. म्हणून त्यांनी मोरीचं पाणी संथ जात होतं तिकडे मोर्चा वळवला. नळाखालची जाळी काढून त्यांनी आत काठी घातली. काठीचा अर्धा भाग परत आला.

मग दुसरं पिल्लू. समोरच्या दारात राहणारे निवृत्त गृहस्थ, ज्यांना सगळी बिल्डिंग 'सर्वज्ञ' म्हणे, रोज चालेलरावांचा पेपर त्यांच्याआधी नेऊन वाचत. त्यांना आज स्पष्ट सांगायचंच, असं ठरवून चालेलरावांनी बेल वाजवली.

"पेपरचं बोलायला आलात ना?" सर्वज्ञ म्हणाले. सर्वज्ञच ते. "मी तुम्हाला सांगणारच होतो. हा पेपर बंद करा. भिकार आहे. दुसरा लावा. त्यात शब्दकोडं चांगलं असतं."

"चालेल," चालेलराव म्हणाले, आणि पेपर न घेता परत आले.

"केला काकांना फोन?" बायकोने विचारलं.

"आज छोटा बेडूक खाल्ला. मोरी साफ केली."

"मोरी तुंबलीये."

"हो. आता तुंबलीये."

बायकोने हॉलच्या भिंतीकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे, मग खुर्चीकडे. मनीप्लांटला पाणी घालताना तिने जरा जास्तच घातलं.

बुधवारी ऑफिसात जे घडलं त्याची कल्पना त्या चार्जिंगवाल्या तरुणालाही नसेल. प्रशिक्षण सगळ्यांनाच मिळालं होतं. सगळ्यांनी ठरवलं होतं, की सकाळी आल्या आल्या सगळ्यात नकोसं बोलणं उरकायचं. आणि नकोसं बोलायचं तर कोणाशी सुरुवात करावी, जो उलटून काही बोलणार नाही? चालेलराव टेबलापाशी पोचले तेव्हा तिथे रांग होती.

"तुमचा कप मी फोडला," पहिला म्हणाला. "सहा महिने झाले. मी रोज तुम्हाला पेल्यातून चहा पिताना बघत होतो आणि आतून तुटत होतो. आज बोललो. मोकळं वाटतंय."

"चालेल," चालेलराव म्हणाले.

"तुम्ही फोनवर फार हळू बोलता," कॅशियरबाई म्हणाल्या. "ऐकताना मला झोप येते. राग मानू नका, हे माझं कारलं होतं."

"चालेल."

तिसऱ्याने सांगितलं, की चालेलरावांनी त्याच्या मुलाच्या लग्नात दिलेलं घड्याळ त्याने दुसऱ्याच्या मुलाच्या लग्नात दिलं. चौथा पुढे आला, बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "माझी तुमच्याबद्दल काही तक्रार नाही. पण सगळे उभे आहेत म्हणून मीही राहिलो." शेवटी साहेबांनी आत बोलावलं. साहेब फार प्रसन्न दिसत होते.

"हे बघा, पुढच्या केबिनमधली जागा मी तुमच्याऐवजी दुसऱ्याला देतोय. दोन महिने सांगायचं होतं. जीव खाली-वर होत होता माझा. पण त्या पोराने सांगितलं ते खरंय हो! सांगितलं आणि भूक लागली."

चालेलराव टेबलावर परत आले. कप नव्हताच, म्हणून त्यांनी नेहमीसारखा पेल्यात चहा घेतला. आणि चहाच्या वाफेत त्यांना ज्ञान झालं. आजवर ते समजत होते, की आपण बेडूक खायला घाबरणारा माणूस आहोत. तसं नव्हतं. ते स्वतःच बेडूक होते. सगळ्या ऑफिसचा सकाळचा नाश्ता. आणि त्यातलं सगळ्यात लागलेलं काय, तर साहेब दोन बेडकांबद्दल जे विचारत होते, ते कोणाला डोळ्यांपुढे ठेवून, हे आता त्यांच्या लक्षात आलं.

अपमान झालेल्या मऊ माणसाइतका धोकादायक प्राणी नाही. गुरुवारी सकाळी दात घासायच्याही आधी त्यांनी फोन लावला.

"बाळ्या! दाढ काय म्हणते?"

"बरी आहे. काका, ती खुर्ची घेऊन जा."

बोलून झालं आणि त्यांनी डोळे मिटले. पलीकडे काकांचा श्वास ऐकू येत होता.

"घेऊन जाऊ?" काका म्हणाले. "खरंच? अरे, मी तीन वर्षं तुझ्या फोनची वाट बघतोय! तुझी काकू सारखी म्हणायची, पोराच्या घरात ती धोंड कशाला? मी म्हणायचो, तसं नाही गं, तो एका शब्दाने कधी बोलला नाही, त्याला ती आवडलेली दिसते. मग परत कशी मागू?"

"मला कशी आवडेल, काका?"

"तेच मी म्हणतो! तू तर दातांना इतका भितोस. मला वाटलं, भीती जावी म्हणून सवय करतोयस. कौतुक वाटायचं मला."

चालेलरावांनी फोन ठेवला. गिळायला तोंड उघडावं आणि बेडकाने स्वतःच उडी मारून आत जावं, तसं झालं होतं. त्यांना किंचित फसवल्यासारखंही वाटलं. बायकोने त्या सकाळी त्यांच्या चहात न सांगता आलं घातलं.

शुक्रवारी काका दोन हमाल घेऊन हजर झाले. चालेलरावांनी रजा टाकली होती. खुर्ची दाराबाहेर काढली, लिफ्टचं बटण दाबलं, आणि लिफ्टमधून सोसायटीचे सेक्रेटरी बाहेर आले.

"हे काय आहे?"

"खुर्ची," चालेलराव म्हणाले.

"फर्निचर की यंत्र?" सेक्रेटरींनी खुर्चीला प्रदक्षिणा घातली. "फर्निचर असेल, तर दोन दिवस आधी अर्ज. यंत्र असेल, तर इंजिनिअरचा दाखला. आणि हे भांडं कसलं? म्हणजे नळजोडणी आली. त्याला प्लंबिंग समिती लागते."

"समितीत कोण आहे?"

"मीच आहे. पण समितीची बैठक महिन्याच्या शेवटी."

"भांड्यात मनीप्लांट आहे हो."

"मग बाग समिती," सेक्रेटरी खेदाने म्हणाले. "लिफ्ट मिळणार नाही. जिना तुमचाच आहे." आणि ते लिफ्टने खाली गेले.

चौथ्या मजल्यावरून खुर्ची जिन्याने उतरू लागली. सर्वज्ञ दारात उभे राहून मार्गदर्शन करत होते. "डोक्याकडून घ्या! डोक्याकडून! अहो, डोकं तुमचं नाही, खुर्चीचं!" हमालांनी डोक्याकडून घेतली. मग सर्वज्ञ म्हणाले, पायाकडून घ्यायला हवी होती, आणि हमालांनी तिथेच वळवायला घेतली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर कोणाचा तरी धक्का दांड्याला लागला. खुर्चीने एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि ती सावकाश, ऐसपैस आडवी झाली. डोकं एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला. अशी बसली, की हलेना.

हमालांनी दोनदा हिसका दिला, एकदा कपाळाला हात लावला, आणि "जेवून येतो" म्हणून कठड्यावरून उतरून निघून गेले. घड्याळात सकाळचे दहा वाजले होते. खुर्चीच्या वरच्या बाजूला चालेलराव अडकले, खालच्या बाजूला काका.

वर जाणारे खाली थांबले, खाली येणारे वर थांबले. आवाज ऐकून सेक्रेटरी धापा टाकत जिना चढून आले. लिफ्ट वरच्या मजल्यावर कोणीतरी दार उघडं ठेवल्याने अडकली होती. ते सर्वज्ञांनीच उघडं ठेवलं होतं, पण त्यांचं लक्ष इकडे होतं.

"हा सार्वजनिक जिना आहे!" सेक्रेटरी ओरडले. "मी नोटीस काढीन! मी..." त्यांना धाप लागली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बसायला एकच जागा होती. ते टेकले, पाय लांब केले, मान मागे गेली आणि तोंड उघडलं.

काकांचा हात आपोआप खिशात गेला. तीन वर्षं झाली होती, पण छोटा टॉर्च खिशातच होता.

"अरे बापरे," काका वाकून म्हणाले. काकूंशीही ज्या मायेने ते कधी बोलले नसतील त्या मायेने म्हणाले, "ही वरची उजवी केव्हापासून दुखतेय?"

"आ... ओन अर्शं," सेक्रेटरी म्हणाले.

"दोन वर्षं? आणि दाखवली नाहीत?"

सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याने नव्हे. त्यांना आजवर कोणी प्रश्न विचारला नव्हता. प्रश्न विचारायचं काम त्यांचंच होतं. काकांनी त्यांना आपल्या कुठल्या जुन्या विद्यार्थ्याच्या दवाखान्यात जायचं, काय सांगायचं, कशाला घाबरायचं नाही, सगळं समजावलं. "मी आता नुसता बघतो हो. हत्यारं सगळी देऊन टाकली." सेक्रेटरी उठले तेव्हा निराळेच दिसत होते.

"पुढचे," काका म्हणाले.

आणि पुढचे होते. जिना अडला होता, लोकांना दुसरं काही करता येत नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या बाई बसल्या, त्यांचा मुलगा बसला, कुरिअरवाला बसला आणि त्याने सहीचं यंत्र काकांच्याच हातात दिलं. काकांची पाठ सरळ झाली होती, चष्मा नाकावर घसरला होता, आणि ते "छान, छान, अजून मोठा आ" असं म्हणत होते. चालेलराव वरच्या पायरीवर बसून बघत होते. काकांना इतकं खुलताना त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"बाळ्या, तू येतोस का?" काकांनी मान वर करून विचारलं.

"मी वरच्या बाजूला आहे, काका," चालेलराव घाईने म्हणाले, आणि एक पायरी आणखी वर सरकले.

हमाल जेवून आले. तेव्हा काकांनी पायाने पेडल दोनदा दाबलं, दांडा उलटा ओढला, आणि खुर्ची घडी होऊन सहज सुटी झाली.

"हे तुम्हाला आधीपासून येत होतं?" चालेलराव म्हणाले.

"खुर्ची माझीच ना?" काका म्हणाले. "पण कोणी विचारलं नाही. आणि अजून दोघं बाकी होते."

सेक्रेटरींनी गालावर हात ठेवून जाहीर केलं, की ही वस्तू फर्निचरही नाही आणि यंत्रही नाही, हे रुग्णसेवेचं साहित्य आहे, आणि रुग्णसेवेच्या साहित्याला लिफ्ट केव्हाही खुली आहे. पण तोवर हमालांनी खुर्ची पहिल्या मजल्यापर्यंत नेली होती; एकच मजला उरला होता.

शनिवारी सासूबाई आल्या. हॉलमध्ये भिंतीला नवा पलंग, त्यावर मऊ गादी, शेजारी पाण्याचा तांब्या. चालेलराव दारात उभे होते, जिंकलेल्या माणसासारखे. सासूबाई पलंगावर बसल्या, गादीत खोल गेल्या, आणि मग त्यांना उठता येईना. बायकोने एक हात धरला, चालेलरावांनी दुसरा. सासूबाई अर्ध्या वर आल्या, "आई गं" म्हणाल्या, आणि परत गेल्या.

संध्याकाळी व्यायाम शिकवायला हॉस्पिटलमधली मुलगी आली. तिने पलंग दाबून पाहिला आणि नाक मुरडलं. "इतकं खाली नाही चालायचं. झोपायला आणि व्यायामाला ठीक आहे. दिवसा बसायला उंच खुर्ची हवी. हातांना आधार, पाय वर घेता येतील अशी. आणि उठताना खाली-वर करता आली तर फारच छान." ती हसली. "पण अशी खुर्ची घरात कुठली असायला?"

बायको भिंतीकडे बघत होती. तिथे फरशीवर खुर्चीच्या बैठकीचा गोल डाग अजून दिसत होता.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे ती हिरवी होती ना?"

"अहो," बायको म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या चालीतलं 'अहो' चालेलरावांनी ऐकलं नव्हतं. त्यात विनवणी होती.

"तूच म्हणाली होतीस, एक तर खुर्ची नाही तर पलंग."

"मी खूप काय काय म्हणते. तुम्ही नेमकं हेच का ऐकलंत?"

रविवारी सकाळी चालेलरावांनी फोन हातात घेतला. या बेडकापुढे आधीचे सगळे बेडूक पिल्लंच होते. 'हो' म्हणण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. 'नाही' म्हणणं त्यांना गुरुवारी जमलं होतं. पण मागणं? आणि तेही दिलेली वस्तू परत? फोन काकूंनी उचलला.

"अरे, काय जादू केलीस तू!" काकू म्हणाल्या. "खुर्ची गॅलरीत ठेवलीये. काल पेपरवाल्याने आ केला, समोरचे दोघं आ करून गेले. हा माणूस तीन वर्षं भिंतीकडे बघत बसायचा. आज अंघोळ करताना गात होता. थांब, देते."

चालेलरावांना फोन ठेवून द्यावासा वाटला.

"बाळ्या! दाढ काय म्हणते?"

"काका, सासूबाईंना..." आणि त्यांनी सांगितलं. गुडघा, गादी, ती मुलगी, सगळं. सांगताना आवाज इतका बारीक झाला, की कॅशियरबाई असत्या तर झोपल्या असत्या.

मग काका म्हणाले, "चालेल."

हा शब्द चालेलरावांनी आयुष्यभर वापरला होता, पण तो समोरून कसा ऐकू येतो हे त्यांना माहीत नव्हतं. एवढ्याशा शब्दात काय काय दडपलेलं असतं, हे जगात त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्यात गॅलरी होती, टॉर्च होता, अंघोळीचं गाणं होतं, आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसणं होतं.

"नाही चालणार," चालेलराव म्हणाले.

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं झाकण पडलं.

"काय म्हणालास?"

"नाही चालणार, काका. नुसती खुर्ची नको. तुम्हीही या. सासूबाई सकाळी व्यायामाला पलंगावर असणार. तेवढा वेळ खुर्ची तुमची. सेक्रेटरी तर लिफ्टपाशी उभे राहतील. रोज या. काकूंनाही घेऊन या."

काकांनी नाक ओढलं आणि ते म्हणाले, "रविवारी हमाल मिळतील का रे?"

खुर्ची त्याच दिवशी लिफ्टने वर आली. सेक्रेटरींनी दार स्वतः धरलं. पलंग दोन वीत सरकवला, सोफा आडवा केला, टीव्ही स्वयंपाकघराच्या दारात गेला, आणि जे तीन वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं ते अर्ध्या तासात झालं: हॉलमध्ये दोन्ही मावलं. माणसांना फक्त तिरकं चालावं लागे. सासूबाई खुर्चीत बसल्या, बायकोने पेडल दाबलं, आणि सासूबाई एखाद्या न्यायाधीशासारख्या सावकाश वर गेल्या. तिथून त्यांना सगळं घर दिसत होतं. ही गोष्ट चालेलरावांच्या लक्षात जरा उशिरा आली.

सोमवारी सकाळी काका टॉर्च घेऊन आले. सासूबाई पलंगावर पाय हलवत होत्या. बाहेर जिन्यात सर्वज्ञ उभे होते, त्यांच्यामागे पहिल्या मजल्यावरच्या बाई. सर्वज्ञ त्यांना दात कसे घासावेत ते सांगत होते. चालेलराव डबा उचलून तिरके तिरके दाराकडे निघाले होते.

"जावईबापू," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "काल मी वरून बघत होते. तुम्ही एकाच बाजूने जेवता."

काकांनी टॉर्च लावून बघितला. लागत होता.

"ऑफिसला उशीर होतोय," चालेलराव म्हणाले.

"सकाळच आहे अजून," बायको म्हणाली. ती दारात उभी होती, आणि दार एकच होतं. "सकाळी काय खायचं असतं म्हणालात?"

चालेलरावांनी डबा खाली ठेवला. ते भिंतीला पाठ लावून खुर्चीपाशी आले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्यात बसले. रेक्झिन गार होतं. सासूबाईंनी व्यायाम थांबवला. सर्वज्ञ आत आले आणि म्हणाले, मान जरा डावीकडे घ्या. काकांनी पेडल दाबलं, छत जवळ आलं, मनीप्लांटचं एक पान कानाला लागलं, आणि दिवा लागला.

"आ कर, बाळ्या," काका मायेने म्हणाले. "अरे बापरे. आत्ताच माझ्या विद्यार्थ्याकडे जायचं. मी येतो बरोबर, हात धरतो. चालेल ना?"

चालेलरावांना आयुष्यात दुसऱ्यांदा 'नाही चालणार' म्हणायचं होतं. पण तोंड उघडं होतं.